कोयता हातात देणारा कुठे आहे?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"ताई, आम्ही हडपसरला राहतो. माझं पोळी-भाजी केंद्र आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेबाराच्या सुमाराला चार पोरं कोयते घेऊन गल्लीत शिरली आणि उभ्या गाड्या फोडत सुटली. आवाज ऐकून माझे सासरे खाली गेले. 'काय रे, काय चाललंय' म्हणेपर्यंत त्यांच्या हातावर वार झाला. मनगटाचं हाड मोडलंय. चौघांतला एक एकोणीस वर्षांचा आहे, बाकीचे अठराच्या आतले. वार करणारा मुलगा माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंचा. पंधरा वर्षांचा. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला. तो आता जामिनावर घरी आलाय. त्याची आई पोळ्या लाटता लाटता रडते, म्हणते वहिनी, तक्रार मागे घ्या. इकडे आमच्या सोसायटीत 'बालगुन्हेगारांचं वय अठरावरून चौदा करा' या निवेदनावर सह्या गोळा करतायत. यजमान म्हणतात, करून टाक सही, या पोरांना कायद्याची भीतीच उरली नाही, श्रीमंताच्या पोराला निबंध लिहायला लावून सोडलं, यालाही सोडतील. माझा हात धजत नाही. पण सही नाही केली तर सासऱ्यांशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. मी काय करू?"

— एक वाचक, हडपसर

ताई, स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात मुलाचं नाव होतं आणि सोबत सीसीटीव्हीतला फोटोही जोडला होता. दोन्ही मी बाजूला काढून ठेवलं. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो फिरतोय असं तुम्ही लिहिलंय, तर आजच तिथे सांगा की तो काढून टाका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोटो पोलिसांना द्या, तिथे तो पुरावा आहे. ग्रुपवर मात्र त्या फोटोमुळे त्याच्या टोळीत त्याचा भाव वाढतो, एवढंच होतं.

आता सासऱ्यांचं. तक्रार मागे घेऊ नका. आईच्या रडण्यापुढे हे सांगणं कठीण आहे, मला कळतं, पण याबाबत माझ्या मनात काहीच शंका नाही. एक तर हत्याराने हाड मोडण्याचा गुन्हा असा घरातल्या घरात मिटवता येतच नाही. दुसरं म्हणजे, त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'तू हे केलंस' असं शांतपणे, कागदावर, जबाबदारीने सांगणार आहे, ते होऊ द्या. म्हाताऱ्या माणसाचा हात मोडला आणि चार दिवसांत सगळं मिटलं, हा धडा त्याच्या फार वाईट कामी येईल. सासऱ्यांना विचारलं जाईल तेव्हा त्यांनी घडलं ते, घडलं तेवढंच सांगावं. वाढवून नको आणि दया म्हणून कमीही नको. औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली कामं यांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाईचा अर्ज करता येतो. दवाखान्याची बिलं, एक्स-रे, एफआयआरची प्रत जोडून तो अर्ज करा. गुन्ह्यात सगळे आरोपीकडे बघतात, मार खाल्लेल्या माणसाकडे कोणी फिरकत नाही. तुमच्या घराचा राग बराचसा इथून आलेला आहे आणि तो रास्त आहे.

यजमानांचं म्हणणंही मी बाजूला सारत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत २०२२ साली अल्पवयीन मुलं आरोपी असलेले देशभरात ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले, आणि त्यात सर्वांत जास्त, ४,४०६, आपल्या महाराष्ट्रात. त्याच वर्षी देशात एकूण गुन्हे अठ्ठावन्न लाखांहून अधिक होते, म्हणजे शंभरातला एकही धड मुलांच्या वाट्याला येत नाही. पण ज्याच्या गल्लीत रात्री कोयते फिरले त्याला शेकडेवारी सांगून झोप येत नाही. पुण्यात गेली काही वर्षं पंधरा-सोळाची पोरं हातात कोयता घेऊन रील काढतात, दुकानं फोडतात, आणि लोकांना वाटतं की यांना कोणी हात लावू शकत नाही. भीती खरी आहे. फक्त तिच्यावर जो उपाय सुचवला जातोय, तो चालेल का, एवढंच आपण बघू.

यजमान म्हणतात 'कायद्याची भीतीच उरली नाही', तर कायदा काय आहे ते आधी तपासू. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी वयाची मर्यादा होती. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आपण १९९२ मध्ये स्वीकारला, त्यानंतर २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा केली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर, ज्यात एक आरोपी अठराच्या आतला होता, देश पेटून उठला. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने त्याच रागाच्या दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, अहवाल दिला आणि वय कमी करण्याची शिफारस केली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी तशी मागणी नाकारली. तरीही २०१५ चा कायदा आला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाने ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे असा गुन्हा केला, म्हणजे खून, बलात्कार अशा तऱ्हेचा, तर बाल न्याय मंडळ, म्हणजे अठराच्या आतल्यांची प्रकरणं बघणारं मंडळ, त्याची समज, परिणाम जाणण्याची कुवत, कोणत्या परिस्थितीत हे घडलं, असं सगळं तपासून त्याला प्रौढासारखं चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. म्हणजे यजमान जे मागतात त्यातलं बरंचसं गेली कित्येक वर्षं पुस्तकात आहेच.

तुमच्या प्रकरणात ते लागू होणार नाही. मुलगा पंधराचा आहे हे एक. आणि हत्याराने जबर दुखापत करण्याला शिक्षा जन्मठेपेपर्यंत असली तरी किमान शिक्षा एक वर्षाची आहे, त्यामुळे तो 'गंभीर' गुन्हा ठरतो, त्यावरच्या, किमान सात वर्षं शिक्षेच्या पायरीचा नाही. मंडळ त्याला समज देऊ शकतं, समुपदेशन, समाजसेवा लावू शकतं, पालकांना दंड करू शकतं, देखरेखीखाली घरी ठेवू शकतं किंवा विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवू शकतं. पंधराव्या वर्षी तीन वर्षं म्हणजे काय, हे ज्याने तिथल्या मुलाला पहिल्या दिवाळीला बघितलंय त्याला विचारा. 'सोडून देतात' ही समजूत तेवढी खरी नाही.

निबंधाचं प्रकरण लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि ती चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. संताप येणारच. पण त्या प्रकरणात पुढे काय निघालं ते आठवा. रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप डॉक्टरांवर, पैसे पोचवल्याचा आरोप मोठ्यांवर, अटका झाल्या त्या मोठ्या माणसांना. मुलाचं वय चौदा धरलं असतं तरी नमुना बदलणारे हात तिथे होतेच. मुलाच्या गुन्ह्यामागे उभा असलेला मोठा माणूस दिसायचा राहून जातो, श्रीमंताच्या बंगल्यात तसाच तुमच्या गल्लीतही.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबले. 'चौघांतला एक एकोणीस वर्षांचा आहे.' त्याच्याबद्दल तुम्ही पुढे काहीच लिहिलं नाही. सोसायटीच्या निवेदनातही तो नसावा. कोयते कोणी आणले? रात्री साडेबाराला चार पोरांना गाडीवरून कोणी आणून सोडलं? गाड्या फोडायला तुमचीच गल्ली का निवडली, कोणाचं कोणाशी काय होतं?

मी परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरीत होते. मुलगा मंडळापुढे आला की त्याच्या घरी जायचं, शेजारी, शाळा, कामाची जागा बघायची आणि दोन आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा, हे आमचं काम. मंडळ निर्णय घेतं ते बऱ्याच अंशी या अहवालावर. एकेका अधिकाऱ्याकडे इतकी प्रकरणं असतात की घरी जाणं राहतं, आईला कार्यालयात बोलावून रकाने भरले जातात. 'गुन्ह्याचे कारण' या रकान्यात एकापाठोपाठ एक अहवालांत दोनच शब्द असायचे: वाईट संगत. संगत कोणाची, त्याचं वय काय, तो काय करतो, त्याने या मुलाला काय दिलं, हे कोणी लिहीत नव्हतं. पोलिसांनी भरायच्या अहवालाच्या नमुन्यात तर छापील प्रश्नच आहे: या मुलाचा वापर टोळीने किंवा मोठ्या माणसांनी केला आहे का? त्यापुढे 'नाही' लिहिलं की पुढचं सगळं काम वाचतं.

आणि वापर होतो तो कसा? वस्तीतला भाई मुलाला आधी काही करायला सांगत नाही. वाढदिवसाला केक कापायला बोलावतो, बाइकवर मागे बसवतो, मोबाइलचं रिचार्ज मारून देतो. मग एक दिवस पिशवी ठेवायला देतो. मग सांगतो, तू अठराच्या आत आहेस, दोन दिवसांत बाहेर येशील, माझा वकील आहे. मुलगा पकडला जातो, आईकडे वकिलाला द्यायला पैसे नसतात, आणि भाईचा वकील खरंच येतो. जामीन होतो. त्या दिवसापासून मुलगा त्याचा देणेकरी. सुटकेच्या दिवशी निरीक्षणगृहाच्या, म्हणजे पकडलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात त्या जागेच्या, फाटकाबाहेर आई रिक्षातून उतरायच्या आधी दोन बाइक येऊन उभ्या असलेल्या मी पाहिल्या आहेत. आईच्या हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी, बाइकवरच्या पोराकडे नवे बूट. मुलगा दोघांकडे बघतो. तो कोणाकडे जाईल हे त्या क्षणी ठरत असतं, आणि त्या क्षणी सरकारतर्फे तिथे कोणीही हजर नसतं.

म्हणून चौदाची मागणी मला धोक्याची वाटते. भाईला अठराच्या आतली पोरं लागतात कारण शिक्षा कमी. उद्या मर्यादा चौदा केली तर तो तेराची शोधेल. आणि चौदा-पंधराची जी मुलं मोठ्यांच्या तुरुंगात जातील, ती तिथल्या टोळ्यांच्या हवाली आपणच केलेली असतील. आज कायदा सोळा-अठराच्या, प्रौढासारखं चालवलेल्या मुलालाही एकविसाव्या वर्षापर्यंत तुरुंगात पाठवत नाही, वेगळ्या सुरक्षित जागी ठेवतो, तो याच कारणाने.

सही करू नका. आणि नुसती नाकारूही नका, कारण मग सोसायटीत तुम्ही 'त्या बाईंच्या बाजूच्या' ठराल आणि विषय तिथेच संपेल. निवेदन घेऊन येतील तेव्हा सांगा की माझ्या घरातला माणूस जखमी आहे, मला सर्वांपेक्षा जास्त हवंय की हे थांबावं, म्हणून हे निवेदन बदला. कायद्यात आत्ता जे आहे आणि वापरलं जात नाही, ते मागा. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ आणखी कडक आहे, मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षं. तुमच्या एफआयआरमध्ये ही कलमं आहेत का बघा. एकोणीस वर्षांच्या त्या पोरावर आणि त्याच्या मागे जो असेल त्याच्यावर ती लावावीत, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या, प्रत पोलीस उपायुक्तांना. सासऱ्यांच्या सहीने द्या. जखमी माणसाचा अर्ज बाजूला टाकणं जड जातं.

सोसायटीच्या निवेदनात आणखी काय असावं ते तुम्ही ठरवा, पण मी असते तर मनुष्यबळ मागितलं असतं. परिविक्षा अधिकाऱ्यांची पदं भरा, आणि कंत्राटावर, वर्षभराच्या टांगत्या नेमणुकीवर नको. नियम म्हणतो की बाल न्याय मंडळाने कामाच्या सगळ्या दिवशी, किमान सहा तास बसावं, प्रकरणं कमी असतील तरच सवलत. पुण्याचं मंडळ येरवड्याला आहे. सोसायटीतल्या निवृत्त मंडळींनी ते आठवड्यातून किती दिवस बसतं आणि किती प्रकरणं पडून आहेत हे माहितीच्या अधिकारात विचारावं. चौकशी चार महिन्यांत संपावी, गरज पडली तर दोन महिने वाढवून, असं कायदा सांगतो. मुलाच्या वयात वर्षभर तारखा म्हणजे मधल्या काळात तो पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभा. मला विचाराल तर सगळ्या सुधारणांत पहिली ही: पंधरा वर्षांच्या मुलाला शिक्षा लवकर आणि नक्की मिळाली पाहिजे. किती कडक, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता त्याची आई. तिला बसवा आणि सांगा की तक्रार मी मागे घेणार नाही, पण तुझ्याबरोबर मी येईन. दोन्ही एकाच वेळी सांगा, नाहीतर पहिलं ऐकूनच ती उठून जाईल. पहिला प्रश्न तिला हा विचारा: जामिनाचा वकील कोणी दिला? तिने खाली बघितलं तर उत्तर तुम्हाला मिळालं. मुलाला मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, विधी सेवा प्राधिकरणाकडून तो घ्या आणि भाईचा वकील पहिला बंद करा. फी भरणाऱ्याचं मुलाने ऐकावं लागतं, आणि असा वकील मुलाला कधीही 'मला कोणी पाठवलं' हे मंडळापुढे बोलू देणार नाही.

भाईची पोरं तिच्या दारात येत असतील, तर ते परिविक्षा अधिकाऱ्याला तोंडी सांगून भागत नाही. तारीख घालून लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची. तिला लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा. बऱ्याच आया अशा वेळी मुलाला गावी मामाकडे पाठवतात. वाईट कल्पना नाही, चार-सहा महिने ती हवा बदलणं पुष्कळदा उपयोगी पडतं, पण मंडळाला सांगून आणि परवानगी घेऊन. न सांगता पाठवलं तर जामिनाची अट मोडली असं होईल. अगदी अडचण आली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करता येतो, चोवीस तास.

परिविक्षा अधिकारी घरी आले नाहीत तर तुम्ही दोघी त्यांच्याकडे जा. त्यांना सांगा हा मुलगा लहानपणी कसा होता, नववीत शाळा कशी सुटली, वडील कुठे आहेत, कोणाच्या गाडीवर दिसायला लागला. तक्रार करणाऱ्या घरातल्या बाईने हे सांगितलं तर त्या अहवालात 'वाईट संगत' एवढंच लिहून थांबणं कठीण होतं. यात सासऱ्यांशी बेइमानी कुठेच नाही. ज्यांच्यामुळे हे घडलं त्यातला एकही सुटू नये, असंच तुम्ही करताय. त्यांना हे समजावून सांगा, विश्वासात घ्या. त्यांना मुलाचं तोंड बघायचं नसेल तर तेही बरोबर आहे, कोणी 'माफ करा' म्हणून त्यांच्या मागे लागू नये, तुम्हीसुद्धा नाही.

शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की त्याला केंद्रावर कामाला ठेवू का, डोळ्यांसमोर राहील. इतक्यात नको. तुमच्या घरातली जखम ओली आहे आणि त्याच स्वयंपाकघरात त्याची आई उभी असते, तिघांनाही ते झेपणार नाही. त्यापेक्षा त्याची शाळा बघा. नववीत सुटलेल्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्यासाठी जुन्या शाळेचा दाखला लागतो. दाखल्याला आई एकटी गेली की तिला 'उद्या या' म्हणतात; तुम्ही बरोबर जा, आणि फॉर्मची मुदत कधी संपते ते त्याच वेळी विचारून घ्या.